सोडण्याचं कारण

ऐरोलीत, पाचव्या मजल्यावर
दुपारी दीड वाजता विलायतेची सकाळ व्हायची.
समिधा माढवी हेडफोन चढवून समँथा व्हायची
आणि न पाहिलेल्या गावांतले
गॅसचे मीटर विचारत फिरायची.

त्या जूनमध्ये आकडा कुणी धड सांगेना.
फोन करायचे बिलासाठी, बोलायचे युरोपावर.
निघायचं की राहायचं.
आम्हाला ताकीद होती : मत द्यायचं नाही,
‘मी समजू शकते’ एवढंच म्हणायचं.
दिवसाला सत्तर वेळा मी दोन्ही बाजू समजू शकत होते.
सहानुभूतीत दहापैकी नऊ.

ग्रिम्सबीचे हॉलम, बंदरावर जन्मभर मासळी उतरवलेले,
म्हणाले, समुद्र आमचा,
अन् किती मासे धरायचे ते भलतेच सांगणार?
मागून बाईचा आवाज : तिला हेही सांग,
तुझा गुडघा बसवणारा डॉक्टर कुठल्या देशाचा होता!
तू गप.
तू गप.
अकरा मिनिटं. मीटर राहिलाच.
मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय चाललंय, समँथा?
मी म्हणाले, ऊन आहे.

आमच्याकडे दिवागावात
ओटीसमोर विटा येऊन पडल्या होत्या.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, कागद एक, सह्या दोन.
बाबा म्हणत, मना वेगलं निंगायचं.
काका म्हणे, निंग. पन बोरिंग माजे बाजूला र्‍हाईल.
पानी काय तुज्या बापाचा?
बाप दोघांचा एकच, भिंतीवर, हारात.
त्याने मत दिलं नाही.
ज्यांचा वीतभर वाटा नव्हता
तेही टपरीवर उभे राहून सांगत,
भिंत कुठून जावी.

निकालाच्या दुपारी
शंभरातले बावन्न एकीकडे, अठ्ठेचाळीस दुसरीकडे,
आणि शंभरच्या शंभर फोनवर.
कुणी रडलं, कुणी मला अभिनंदन म्हणालं.
एका म्हातारीने विचारलं, गॅस येत राहील ना गं?
येईल, म्हणाले.
स्क्रीनवर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

आमची भिंत कमरेपर्यंत आली
आणि सिमेंट संपलं.
कमरेइतकी भिंत सोयीची असते.
बाबा बाहेर पडले की काकू तिच्यावरून
निवट्यांच्या कालवणाची वाटी देते,
आणि वाटी रिकामी परत जात नाही.

फेब्रुवारीत मिसेस हॉलमचा फोन आला.
आवाज ओळखला मी. नेहमी मागून यायचा,
आज पुढून.
म्हणाल्या, खात्यावरून त्याचं नाव काढा.
मनात म्हटलं, झालं, यांचंही फाटलं.
स्क्रीनवर चौकट : खातं सोडण्याचं कारण.
घर बदललं. विभक्त. मृत्यू.
माझा बाण मधल्यावर थांबलेला.
कारण सांगाल का, मॅडम?
गुरुवारी, म्हणाल्या. झोपेत.
मग बराच वेळ काही नाही, फक्त किटलीचा आवाज.
मग : चुकीचाच होता हं तो, शेवटपर्यंत.
आता मी रेडिओशी भांडते.

मी समजू शकते, म्हणाले,
आणि बाण एक घर खाली नेला.

त्या रविवारी बाबांनी महावितरणचा अर्ज पुढे टाकला.
तुजा अक्षर चांगला. लिव.
नाव, पत्ता, सगळं भरलं.
स्वतंत्र मीटर मागण्याचे कारण :
पुढे टिंबांच्या दोन ओळी.
भिंतीपलीकडे काकूचा कुकर वाजला.
तिसरी, बाबा पुटपुटले. आता बंद कर म्हनावं,
भाताचा लगदा करतंय दरवेली.

मी लिहिलं : कुटुंब वाढले आहे.

बाबांनी चष्मा पुसला, वाचलं,
पुन्हा वाचलं,
आणि सही करायला पेन मागितलं.