ब्लोहोल

लक्ष्मीपुरीत तीन दुकानं फिरलो.
"आपोआप फुगणारं पीठ आहे का?"
तिसऱ्या दुकानातला पोरगा हसला,
"काका, माणसं फुगत्यात आपोआप. पीठ नाही बघा."

मालनचा उजवा हात प्लास्टरमध्ये.
खुर्चीतून ती सांगते, मी करतो.
वाटीभर मैदा, सपाट. वाटी आपटायची नाही.
दीड चमचा बेकिंग पावडर.
मीठ चिमटीपेक्षा जरा जास्त.
पण आधी थोडी पावडर गरम पाण्यात टाकून बघा,
फसफसली तर जिवंत.

फसफसली.

"आता चाळा. तीनदा."

इथं मात्र मला शिकवायचं नाही.
उद्यमनगरात एकतीस वर्षं चाळलंय मी,
काळी वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड.
दस्तगीर मेस्त्री म्हणायचे,
मूठ आवळ, मूठ उघड,
बोटांचे वळ उठले पाहिजेत वाळूवर.
नकळत मैद्याची मूठ आवळली.
वळ उठले.
"खेळताय काय?" मालन म्हणाली.

तिला सांगितलं नाही,
जन्मभर मी बुडबुड्यांशी भांडलो.
ओतलेल्या लोखंडात हवा अडकली
की लेथवर उघडी पडायची:
टाचणीच्या डोक्याएवढं भोक,
आणि पंपाचं अख्खं हाऊसिंग भंगारात.
एकदा लागोपाठ चाळीस गेली.
साचे माझे होते.
मेस्त्री साहेबांना म्हणाले, माझे.
त्या महिन्यात त्यांना घरी बसवलं.
मी चाळत राहिलो.

आणि आता साठी उलटल्यावर
चमच्यानं मोजून
पिठात भोकं पेरतोय.

उरलेलं पीठ बरणीत भरलं.
मालननं डाव्या हातानं चिठ्ठीवर तारीख घातली,
पाचाचा आकडा उताणा पडला.
"दमट हवा लागू देऊ नका. महिन्यात संपवायचं."

संध्याकाळी केक कापला.
पहिला तुकडा मी ट्यूबलाइटसमोर धरला,
सवयच ती,
आणि उजेड आरपार आला, बारीक बारीक.
नुसते ब्लोहोल. एक जागा भरीव नाही.
नात म्हणाली, "आजोबा, काय बघताय? कसा झालाय?"
"पास," म्हणालो.

कडेचा एक तुकडा डब्यात घातला.
मेस्त्री अजून सदर बाजारातच राहतात म्हणे.
दात राहिले नसतील आता.
मऊ आहे,
चालेल.