अकरा आणि अकरा

महापेच्या ऑफिसात माझं काम एवढंच:
करार सुरू झाल्याच्या तारखेत अकरा महिने मिळवायचे
आणि ज्यांचं घर संपत आलंय
त्यांची यादी सकाळी सातच्या आत काढून ठेवायची.
ऐरोली, रबाळे, तळवली, कोपरखैरणे.
बारा कुणीच लिहीत नाही.
भाड्याच्या घरात वर्ष म्हणून काही पुरं होत नाही.

जानेवारीच्या यादीत माझंच नाव आलं.
घणसोली गावठाण, पहिला मजला, मालक हिराजी मढवी.
संपते: अठ्ठावीस तारखेला.

मी बोटांवर मोजलं.
आले तेव्हा एकतीस मार्च होता,
हातात गादी, बादली, परभणीहून आणलेली कारळाची चटणी.
एकतीस मार्च अधिक अकरा महिने –
फेब्रुवारीत एकतीस नसतेच. डेटाबेस भांडत नाही,
गुपचूप अठ्ठावीसवर येऊन बसतो.
मग नवा करार, अठ्ठावीसमध्ये पुन्हा अकरा,
आणि त्याला आठवतही नाही
की आपण मुळात एकतीसचे.

बावीस एकदम मिळवले असते तर एकतीस जानेवारी आली असती.
अकरा आणि अकरा केले,
तीन दिवस गेले.
कुणी घेतले नाहीत. चूक म्हणावी तर तीही नाही,
नियमच तसा.

ओट्यावर हिराजी जाळं सांधत होते. सांगितलं.
‘तीन दिस? ऱ्हा गो.
खारीचा पानी रोज पावन तास उशिरा येतं,
त्याला कोन भारा मांगतं?’
मग आत जाऊन पिवळी पडलेली पिशवी घेऊन आले.
मिठागर गेल्याचे कागद, बदल्यात मिळणाऱ्या भूखंडाचे कागद.
‘तुझे मशीनीत टाकून बघ. कदी भेटंल?’

ताबा दिल्याची तारीख: रिकामी.

रात्री लॅपटॉपवर मी रिकाम्या तारखेत अकरा महिने मिळवले.
रिकामं आलं.
वीस वर्षं मिळवली. चाळीस.
लाल अक्षरं नाहीत, ओरडणं नाही, नुसतं रिकामं.
शून्य तरी यायला हवं होतं, असं वाटलं.
शून्यापासून निदान मोजता येतं.

‘काय बोलतं?’ सकाळी जिन्याखालून हाक.
‘अजून मोजतंय काका,’ म्हणाले,
आणि दिवसभर ऑफिसात
दुसऱ्यांच्या तारखा बरोबर निघत राहिल्या.

नवा करार एक फेब्रुवारीपासून.
एजंटने विचारलं, मधल्या दिवसांचं काय लावायचं?
हिराजींनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

तीस जानेवारीला, कुठल्याच कागदात नसलेल्या दिवशी,
जिन्यातला गेलेला बल्ब मी बदलला.
खाली शिडी धरून ते उभे,
‘झाला का गो?’ विचारत,
आणि मी वर, होल्डरचे आटे चाचपत,
थांबा, म्हणत होते, थांबा, बसतोय.