दोन-चारची बांगडी

औसा रोडवर, बॅटरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
आम्ही एक दार बनवत होतो.
उधारीच्या वहीचं ॲप, त्याचं पहिलं दार.
पुण्याहून पडद्यावर येणारे साहेब म्हणायचे,
अडवू नका कुणाला.
एक प्रश्न म्हणजे एक गिऱ्हाईक कमी.
म्हणून मी प्रश्न काढत गेले:
आधी दुकानाचं नाव, मग गावाचं, मग पासवर्ड.
शेवटी अंगठा टेकवला की आत.
इतकं गुळगुळीत
की आपण आत आलोय हेही कळू नये.

पहिल्या आठवड्यात चार हजार आले.
तिसाव्या दिवशी उरले एकशे सहा.
वाजिद म्हणाला, हे ॲप नाही, ही गंजगोलाई आहे.
सोळा रस्ते. कुठूनही शिरा, कुठूनही निघा.
चौकात मुक्कामाला कोण थांबतंय?

मग आम्ही हाका मारायला लागलो.
सकाळी एक नोटिफिकेशन, दुपारी एक,
रात्री 'आम्हाला विसरलात का?'
त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ आला,
पहाटे साडेतीनला.
कुणी कुणाला उठवलं नव्हतं,
आणि घागरी आधीच रांगेत होत्या.

शनिवारी फोन घेऊन पद्मिनबाई कासारांकडे गेले.
"काय करूलालीस आजकाल?"
म्हटलं, हे. बघता का?
"बघते की. आधी हात दे."
माझा हात त्यांनी कणकेसारखा मळला,
अंगठ्याखालचं हाड आत दाबलं.
मावशी, दोन-सहाची द्या ना, पटकन जाईल.
"जाईल की. पटकन येईल बी.
भांडी घासताना मोरीत सापडंल तुला."
आणि लहान असली तर?
"फुटती. रगत निघतंय,
गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातंय.
हात बघून दाब द्यावा लागतोय, बाई.
ह्याला वजनकाटा नसतोय."
एक कळ आली.
ओरडायच्या आत ती मनगटावर होती,
हिरवी, दोन-चारची.

त्या रात्री एकच प्रश्न मी परत आणला.
कोरा पडदा, त्यावर:
'सगळ्यात जुनी उधारी कुणाकडे आहे?'
खाली एक रिकामी ओळ.
'नंतर सांगतो' असं बटण ठेवलं, पण बारीक.
साहेबांचा चेहरा थिजला,
नेटवर्कमुळे की रागानं, कळलं नाही.
शंभरातले चाळीस तिथूनच माघारी फिरले.
पण ज्यांनी लिहिलं,
कुणी 'बँडवाला', कुणी 'मेव्हणा, थोरला',
कुणी नुसतं 'तो',
ते दुसऱ्या दिवशी आले
नाव अजून जागेवर आहे का बघायला.
आणि महिन्यानंतरही येत होते,
कुणी न बोलावता.

पुढच्या शनिवारी
मी हौसेनं पद्मिनबाईंना दाखवायला गेले.
प्रश्न वाचून त्यांनी चष्मा काढला,
पदरानं पुसला, परत घातलाच नाही.
"हाय की एक. नऊ वर्सं झाली.
लग्नाचा चुडा नेल्ता, दिवाळीला देते म्हणून."
मग टाका ना नाव.
"ती आता बांगड्या घालत न्हाई," म्हणाल्या.
"मागू कसं? आन् लिवून तरी काय करू?"
फोन गल्ल्यावर पालथा ठेवला
आणि पुढच्या पोरीचा हात
हातात घेतला.

आलेखात त्या एक गळती आहेत.
पायरी दुसरी, शनिवार, अकरा चाळीस.
वाजिद विचारतो, कारण कुठल्या रकान्यात टाकू?
रकाने सहा आहेत,
सहाही मीच आखलेले.
मी टेबलावर हात ठेवते, बांगडी वाजते.
साबण लावल्याशिवाय
ही आता निघायची नाही.