शीतयुद्ध, बारावी कला, तुकडी ब

बारावीचे जादा तास आमच्याकडे एप्रिलातच सुरू होतात.
फळ्यावर मी लिहिलं : शीतयुद्ध.
मागच्या बाकावरून यल्लप्पा म्हणाला,
"सर, थोडं हिकडं पण पाठवा की."
वर्ग हसला. मीही.
सोलापूरचा पारा त्रेचाळीस. पंखा होता,
वीज नव्हती.

पुस्तकात दोन रंगांचा नकाशा.
एक गट, दुसरा गट,
आणि उरलेल्या पांढऱ्यात आपण, अलिप्त.
रुक्सार मुजावर हा शब्द
अलिफनं सुरू झाल्यासारखा घशातून म्हणते,
तेव्हा तो मला पहिल्यांदा खरा वाटतो.

खिडकीबाहेर बंद गिरणीचं धुराडं,
पान एकोणीसवरच्या क्षेपणास्त्रासारखं सरळ.
फरक एवढाच,
की हे रोज वापरलं गेलं होतं.

पंचेचाळीस वर्षं तीन परिच्छेदांत बसवलीत.
यांच्याकडे किती, त्यांच्याकडे किती,
पृथ्वी किती वेळा जाळता येईल.
"येकदा जळल्यावर दुसऱ्यांदा काय जाळणार?"
इराबत्तींचा अंबादास.
त्याची आई हजार विड्या वळते,
त्यातल्या कारखान्यात बाद होतात, त्या तिच्या अंगावर.
घरात मोजणं त्याच्याकडे असतं.
परीक्षेत हे विचारत नाहीत, मी म्हणालो.
दुसरं उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग तो शब्द आला : तणावशैथिल्य.
मी तो नेहमी दोन तुकड्यांत लिहितो,
नाहीतर मुलं वाटेतच सांडतात.
"म्हणजे ताण सैल करायचा ना, सर?"
नागमणी गाजुल. सकाळी काकाच्या मागावर,
दुपारी माझ्या वर्गात.
तुटलेला धागा सांधून सांधून
तिच्या चिमटीला पेनसुद्धा गाठ मारल्यासारखं धरायची सवय.
"लई ताणलं तर तुटतंय.
लई सोडलं तर टॉवेलला झोळ येतोय.
मधलं कुणी सांगत नाही, सर.
हाताला कळतंय."
फळ्यावर जागा होती.
मी ते लिहिलं नाही.

त्याऐवजी पुस्तकात नसलेलं सांगितलं.
बासष्ट साल, क्युबाच्या बाजूचा समुद्र.
खाली एक पाणबुडी. वरून दणके.
मायदेशाशी बोलणं तुटलेलं,
वर युद्ध लागलंय की नाही, हेही ठाऊक नाही.
आत एक पाणतीर, त्याच्या टोकाला अणुबॉम्ब.
असं सांगतात, की कप्तान म्हणाला, सोडू.
दुसरा म्हणाला, सोडू.
तिसऱ्याचा होकार लागत होता.
तो नाही म्हणाला.
गारवा करणारी यंत्रं बंद पडली होती,
आत पारा पंचेचाळीसच्या वर.

"म्हणजे आमच्या शेडएवढा,"
नागमणी हळूच म्हणाली.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"एवढ्या गरमीत माणूस नुसता चिडतोय, सर."

आता यल्लप्पासुद्धा काही बोलला नाही.
घामाचा एक थेंब माझ्या कानामागून
कॉलरपर्यंत गेला, तो मला ऐकू आला.
रुक्सारनं त्या तिसऱ्याचं नाव विचारलं.
मी सांगितलं. पाच जणांनी ते
पाच तऱ्हांनी लिहून घेतलं,
अंबादासनं तेलुगूत.

तेवढ्यात वीज आली.
पंखा गरगरला, पानं उडाली,
आणि रस्त्यापलीकडचे माग
सगळे एकदम सुरू झाले, खटाखट, खटाखट.
इतके की पुढचा तास
मी फक्त ओठ हलवत शिकवला.

जुलैत चाचणी घेतली.
प्रश्न तिसरा : क्युबाच्या पेचप्रसंगाचे परिणाम लिहा. गुण चार.
नागमणीनं दोनच ओळी लिहिल्या होत्या :
काही झालं नाही.
म्हणून आम्ही पेपर लिहीत आहोत.

नमुना उत्तरात हे कुठेच नाही.
लाल पेन हातात घेऊन बसलो,
चहा निवला.
शेवटी दीड गुण दिला.
दीडच का, ते विचारायला
ती अजून आलेली नाही.