गेट नंबर चार

परळच्या एका इस्पितळाच्या वेबसाइटचा मेन्यू
मला नव्याने मांडायचा होता.
जुन्यात नऊ शब्द. पहिला: आमच्याविषयी.
दुसरा: अधिष्ठातांचे मनोगत.

तीन दिवस मी गेट नंबर चारपाशी स्टुलावर,
वहीत रेघा मारत: कोण येतं, काय विचारतं.
घाडीगावकर वॉचमनने पहिल्या दिवशी चहा दिला,
दुसऱ्या दिवशी विचारलं,
"बाय, तुझो पेशंट खंयच्या वॉर्डात?"

त्याला कुणी पॅथॉलॉजी विचारत नाही.
"रक्त कुठे द्यायचं?"
"डाव्या हाताला, पोरं रडतायत तिथे."
"रिपोर्ट?"
"दोननंतर. तोवर जेवून घ्या."
पोट पुढे आलेली बाई रिक्षातून उतरली
की प्रश्नाआधीच त्याचा हात लिफ्टकडे.
धावत येणाऱ्याला तो एकच शब्द सांगतो.
रेंगाळणाऱ्याला चार सांगतो, हवापाण्याचेही;
त्याला कुणाला तरी भेटायचंय,
किंवा भेटायचं नाहीये.

मी मेन्यू त्याच्या तोंडून उचलला.
रक्त द्यायचंय. रिपोर्ट हवाय. भेटायला आलोय.
पैसे कमी पडतायत.
हे शेवटचं कमिटीला खुपलं.
"सरकारी साइटवर असं? अर्थसाहाय्य लिहा."
मी म्हटलं, रात्री दोन वाजता
अर्थसाहाय्य कुणी शोधत नाही.
लिहिलं शेवटी अर्थसाहाय्यच.
त्याखाली बारीक अक्षरांत, माझं.

पण तिसरी संध्याकाळ वहीत नाही.
एक माणूस आला, हातात बायकी चपला,
एकीचा अंगठा सेफ्टीपिनने जोडलेला.
त्याने काही विचारलं नाही.
घाडीगावकर उठला, टोपी काढून स्टुलावर ठेवली,
मला म्हणाला, "गेटार बघ जरा,"
आणि बोट न दाखवता
त्याच्यासोबत चालत गेला,
मागच्या बसक्या इमारतीपर्यंत.

तेवढ्यात कुणीतरी मला विचारलं, रक्त कुठे द्यायचं.
डाव्या हाताला, मी म्हटलं, पोरं रडतायत तिथे.

त्या माणसासाठी मला शब्द सापडला नाही.
सुचले ते सगळे बटणावर वाईट दिसत होते.
म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात
नुसता गेटचा नंबर ठेवलाय.

साइट सुरू झाली त्या रात्री
चालतो का पाहायला मी लावला.
दुसऱ्याच रिंगला उचलला.
हॅलो नाही, नाव नाही.
"खंय आसात? थंयच रवा, मी येतंय."