चोविसावं बिऱ्हाड

ख्रोमतौ. तौ म्हणजे डोंगर.
डोंगर कुठेच नाही, खोदून खोदून त्याचा खड्डा झालाय
आणि खड्ड्याच्या काठाला आमची शाळा,
खिडक्यांच्या फटींत कापूस कोंबलेला,
फेब्रुवारीचं वादळ आत येऊ नये म्हणून.

बाल्झिया आपाय फळ्यावर चौकोन काढायच्या.
एक बाहेर. पाच आत.
चौकोनात बाण, कधी वर, कधी खाली.
स्कँडियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, सगळं शिस्तीत:
बाहेर दोघं, आत एकेक वाढत जाणारं.
मग आला चोवीस नंबर, आमच्याच मातीतला,
ज्याच्या धुळीनं बाबांच्या पापण्या जड व्हायच्या.
बाहेर दोन, आत चार, असं मी वहीत लिहूनही टाकलं.
पुस्तकात बाहेर एक, आत पाच
आणि खाली बारीक टाइपात एकच शब्द: अपवाद.

"अपवाद कसला," आपाय म्हणाल्या,
"आपण नियम घाईनं केला, एवढंच."
खडू ठेवला. हात स्वेटरला पुसले.

"मी या गावात आले तेव्हा कामगारांच्या हॉस्टेलात,
तिसऱ्या मजल्यावर. दाराशी एक खोली, दोन खाटांची.
आत पाच छोट्या.
दाराशी मी आणि गालिया. सगळ्यांच्या आधी आलो,
तेव्हा तीच खोली स्वस्त पडली.
मग आत चौघी, एकीला एक खोली.
पाचवी रिकामी. कुलूपसुद्धा नाही.
एका रात्री गालियानं गादी गुंडाळली
आणि गेली आत.
भांडण नव्हतं गं.
तिच्या खोकल्यानं मला जाग यायची, माझ्या दिव्यानं तिला.
पाच खिडक्यांत पाच दिवे, दाराशी मी एकटी,
आणि सगळा मजला त्या हिवाळ्यात
पहिल्यांदा शांत झोपला."

मागच्या बाकावरून तेमिरबोलात,
ज्याच्या नावातच लोखंड आणि पोलाद दोन्ही:
"मग हॉस्टेल आधी कुणी सोडलं, आपाय?"
वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत.
तळव्यानं बाहेरच्या चौकोनातला बाण पुसला.

"दाराशी होती तिनं.
आधी आलं म्हणून कुणी शेवटपर्यंत राहत नाही.
कपात झाली, यादीत पहिलं नाव माझं.
म्हणून तर तुमच्या नशिबी आले."

दुसऱ्या दिवशी तांबं. त्यानंही तेच केलेलं,
बाहेरचा एक आत ओढून दहा भरले.
मग जस्त: "याच्या क्षारांना रंग नाही.
त्या घरात सगळे जोडीनं झोपलेत.
रंग हवा तर आत कुणीतरी एकटं जागं हवं."

आता मी अक्तोबेत, कारखान्याच्या प्रयोगशाळेत.
ब्युरेटमधून थेंब थेंब लोह पडतं,
चंबूतली नारिंगी विरते, हिरवं उरतं.
नारिंगीचं कारण वेगळं, ते बारावीत,
असं आपाय म्हणाल्या होत्या,
आणि आमच्याकडे शाळा अकरावीलाच संपते.

हिरव्यात मात्र तीन उरलेत.
दाराशी कुणी नाही. आत तिघं,
ज्याची त्याची खोली, ज्याचा त्याचा दिवा.
गालियाचं पुढे काय झालं, विचारायचं राहून गेलं.

आकडा लिहिते. चंबू विसळते.
नळाच्या चकचकीत मुलाम्यात माझा चेहरा
रुंद, वाकडा,
मागे उघडं दार.