मुक्कामी गाडी, सावरदांड

हे गाव मी दुपारी पाहिलेलं नव्हतं.
साडेपाचला जुन्या सीबीएसवरून निघतो आम्ही,
स्टिअरिंगवर अन्वरभाई, दारात मी.
पेठ नाका, मग द्राक्षांचे मांडव, मग मांडव संपतात,
सावळ घाटात गाडी पहिल्या गिअरवर येते
आणि माथ्यावर कुणीतरी नवख्याला सांगतंच:
अलीकडे पडलं ते पाणी गोदावरीचं,
पलीकडे पडलं ते दमणगंगेचं.
तिकीट मात्र दोन्हीकडे तेवढंच.

करंजाळीला अंधार चढतो गाडीत,
त्याच्यामागून तेलाचा डबा, आश्रमशाळेची पत्र्याची पेटी,
पिशवीतून मान काढलेली कोंबडी
(तिचं तिकीट घ्यायचं की नाही, हा वाद फाट्यापर्यंत पुरतो).
फाट्यापासून नऊ किलोमीटर. त्यातले चार डांबराचे.

म्हणजे सावरदांड माझ्यासाठी
हेडलाइटच्या उजेडात मावेल एवढंच:
हातपंप, शाळेची भिंत, भिंतीवर पुसट झालेला नकाशा,
शेणाने सारवलेले कूड,
आणि एक कुत्रं, डिझेलच्या वासाने उठणारं,
आवाज ओळखून परत झोपणारं.
बाकीचं गाव कानांनी, नाकाने.
लहानू गावितांची गिरणी वीज आली की मध्यरात्रीही घरघरते,
नागली दळली जातेय की तांदूळ, ते मला आता झोपेत कळतं.
मंजुळाबाई भोये भाकरी आणून देतात,
काळपट तांबडी, वर खुरसणीची चटणी.
पैसे घेत नाहीत. सुट्टे मागतात.

झोपायचं गाडीतच.
थंडी सरता सरता टपावर काहीतरी पडतं,
धप्प.
बराच वेळ काही नाही. मग पुन्हा,
धप्प.
पहिल्या वर्षी वाटलं, पोरं दगड मारतात.
अन्वरभाई कूस बदलत म्हणाले,
झोप रे, गाव आहे, काहीतरी पडणारच.

दिवाळी झाली की गाव खाली उतरायला लागतं.
पहाटे पावणेसहाला घरंच्या घरं चढतात,
गोधडी, तवा, एक मूल कडेवर, एक पोटात.
नाक्यावर मालकांच्या पिकअप उभ्या असतात,
दिंडोरीकडच्या बागांत विरळणी, मग डिपिंग, मग काढणी.
जाताना पाय ठेवायला जागा नाही,
येताना मी आणि चव्वेचाळीस रिकाम्या सीट.

मग डेपोतून कागद आला.
परतीचं भारमान सतरा टक्के, मुक्काम बंद का करू नये,
वाहकाने गावाची माहिती द्यावी.
मी गिरणीत जाऊन बसलो. लोकसंख्या किती?
लहानूभाऊंनी पट्ट्यावरचं पीठ झटकलं.
"कोणत्या महिन्यातली?"

त्याच फेब्रुवारीत फॅनबेल्ट तुटला.
डेपोची व्हॅन यायला एक वाजणार होता,
तसा मी पहिल्यांदा उन्हात खाली उतरलो.
डावीकडे समजत होतो ते सगळं उजवीकडे निघालं.
दारांना कुलपं नव्हती, सुतळ्या बांधलेल्या.
पारावर दोन म्हातारे, त्यातला एक मला ओळखेना,
आवाज ऐकल्यावर हसला.
आणि गाडीवर ते झाड:
अंगावर एक पान नाही, नुसता लाल.
टप लाल, वायपर लाल, पायरीवर लाल.
माझ्यासमोर एक फूल सुटलं, मांसल, मुठीएवढं,
धप्प.
शेळी आली, खाऊन गेली.
मंजुळाबाईंची सासू म्हणाली, कळ्यांची भाजी होते,
पण खुडायला वर चढेल असं आता घरात कुणी नाही.

परतताना मागच्या काचेवरून फुलं घरंगळत होती,
घाटाच्या अलीकडे काही, पलीकडे काही.

कागदावर शेवटी 'इतर' असा रकाना होता, दोन ओळींचा.
मी लिहिलं: गाडी लावायच्या जागेवर सावरीचं झाड आहे.
रात्री आवाज येतो, घाबरू नये.
फेरी अजून चालू आहे.
कागद कुणी वाचला नसेल,
म्हणूनही असेल.